गोझोचा पिवळा वाडगा

कतारमधल्या मेसईदच्या खत कारखान्यात जाऊन 'ग्रेगरी तुस्कानो कुठे बसतात?' असं विचारलं असतं, तर निम्म्या लोकांनी 'कोण तुस्कानो?' म्हणून उलट विचारलं असतं. 'माल्टा कुठे बसतो?' म्हटलं की मात्र गेटवरचा सिक्युरिटीवालासुद्धा स्टोअरकडे बोट दाखवायचा.

माणूस मूळचा वसईजवळच्या आगाशीचा. पंचवीस वर्षं कतारमध्ये काढली, सगळी एकाच कारखान्यात, यंत्रांचे सुटे भाग सांभाळण्यात. स्वभावानं सरळ, हाडानं आळशी नाही, गळ्यानं चर्चच्या क्वायरपुरता बरा. दोष म्हणाल तर एकच. त्याच्याजवळ कोणी पाच मिनिटं उभं राहिलं की बोलता बोलता माल्टा निघायचाच. गॅस्केट न्यायला आलेला फिटर गॅस्केट आणि इतिहास असं दोन्ही घेऊन परत जायचा. शुक्रवारी कंपनीच्या बसनं दोह्याला मिसाला जाताना त्याच्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहायची, आणि नवा कोणी गडी अजाणतेपणी तिथे बसला की मागच्या सीटांवरचे लोक एकमेकांकडे बघून हसायचे.

हे माल्टाचं वेड लागलं २०१५ साली. ग्रेगरी आणि जोसेफीनच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि मुलीनं, ऑलिव्हियानं, हट्टच धरला की आता तरी आगाशीखेरीज दुसरीकडे कुठेतरी जा. कॉलनीतले सगळे स्वित्झर्लंडला जायचे. ग्रेगरीचं म्हणणं, बर्फ फ्रिजमध्ये आहे आणि चॉकलेटं लुलू सुपरमार्केटमध्ये आहेत. मग त्याला लहानपणी प्रवचनात ऐकलेली गोष्ट आठवली. संत पौलाचं जहाज वादळात एका बेटावर फुटलं, आणि तिथल्या लोकांनी ओल्याचिंब अनोळखी माणसांसाठी पावसात शेकोटी पेटवली. ते बेट म्हणजे माल्टा. "पाहुण्याला आधी नाव-गाव न विचारता शेकोटी पेटवणारी माणसं कशी असतात ते मला बघायचंय," ग्रेगरी म्हणाला. "आपल्याकडे आधी 'कुणातला तू?' विचारतात, मग पाणी देतात."

तर तिघं गेले. माल्टाशेजारी गोझो नावाचं त्याहून धाकटं बेट आहे, फेरीबोटीनं अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. तिथे जूझा नावाच्या म्हातारीच्या घरी त्यांनी खोली घेतली. सत्तरी ओलांडलेली, विधवा, अंगानं काटकुळी आणि आवाजानं भरभक्कम. तिला इंग्रजी बेताचंच. पण तिथल्या भाषेत अरबीचं रक्त आहे, आणि ग्रेगरीकडे कतारमध्ये ड्रायव्हर-दुकानदारांशी घासाघीस करून मिळवलेली मोडकी अरबी होती. पावाला, मधाला, दाराला दोघांचे शब्द जवळजवळ तेच निघाले. पहिल्या संध्याकाळी दोघं वस्तूंवर बोटं ठेवून नावं घेत बसले आणि जोसेफीन कपाळाला हात लावून बघत बसली.

इतिहासानं तर ग्रेगरीला वेडच लावलं. पिरॅमिडांहून जुनी दगडी देवळं, डोंगरावरचा कोट, आणि चारशे-पाचशे वर्षांपूर्वी समुद्री लुटारूंनी बेटावरची जवळजवळ सगळी माणसं धरून नेली ती कहाणी. वसईच्या किल्ल्यात पतंग उडवत वाढलेला माणूस तो. कोट दिसला की तटावर चढल्याशिवाय त्याच्यानं राहवायचं नाही. जूझाही गुडघे दुखत असताना त्याच्याबरोबर कोटावर चढली, आणि वरून घरं दाखवत कोणाचा कोण ते सांगत राहिली. ग्रेगरीला त्यातलं निम्मं कळलं. बाकीचं निम्मं त्यानं पुढे सात वर्षं मेसईदमध्ये स्वतःच्या पदरचं घालून सांगितलं.

निघायच्या दिवशी जूझानं एक पिवळा मातीचा वाडगा जोसेफीनच्या हातात ठेवला. घरगुती होता, काठावर टवका गेलेला. आत मिरी लावलेल्या चीजच्या छोट्या चकत्या, वर स्वच्छ फडकं बांधलेलं.

"Dad, she's giving you the bowl," ऑलिव्हिया म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

"चीज दिलंय गं बाई. भांडं कधी कोणी देतं का?" ग्रेगरी म्हणाला. "भांडं परत करायचं असतं."

आता हे वसईतच कशाला, तुमच्या-आमच्या कुठल्याही घरात सांगायला नको. शेजारणीकडून वाटीत काही आलं की वाटी धुऊन, पुसून परत जाते, आणि जाते ती रिकामी जात नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालतात. रिकामं भांडं परत करणारी बाई कशी असते हे आपल्या आयांनी आपल्याला शेजारच्या बाईचं उदाहरण देऊन शिकवलेलं असतं. जोसेफीननं तो वाडगा मेसईदच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला आणि नवऱ्याला बजावलं, "हा आपला नाही. याला हात लावायचा नाही."

कुरिअरनं पाठवायचा म्हटला तर फुटायची भीती. आणि पार्सलमधून खाऊ पाठवणं म्हणजे दारातूनच वाटी सरकवून पळण्यासारखं. म्हणून २०१७ साली दोघं पुन्हा गोझोला गेले. वाडग्यात आगाशीची सुकेळी होती, राजेळी केळी उन्हात वाळवून पानात बांधलेली. विमानतळावर तपासणीवाल्यानं पुडी सोडवून वास घेतला, दोनदा घेतला, आणि जाऊ दिलं.

जूझानं वाडगा बघितला. मग ग्रेगरीकडे बघितलं. मग परत वाडगा बघितला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. मग तिनं एक सुकेळं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि 'तय्येब' म्हणाली. उत्तम. हा शब्द तर कतारमध्ये दिवसातून शंभरदा कानावर पडतो. निघताना तिनं त्याच वाडग्यात मधाच्या सारणाची कडी, म्हणजे बांगडीसारखी गोल बिस्किटं, भरून तो परत जोसेफीनच्या हातात दिला.

"बघ," जोसेफीन फेरीवर म्हणाली, "यांच्याकडेपण आपलीच रीत आहे."

"जगात चांगल्या घरांत हीच रीत असते," ग्रेगरी म्हणाला. आणि वाडगा मांडीवर घेऊन त्यानं शेजारच्या जर्मन प्रवाशाला वसईबद्दल सांगायला सुरुवात केली.

२०१९ साली पुन्हा तेच. सुकेळी गेली, केपर्स नावाच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्या आल्या. मग कोरोना आला आणि वाडगा फ्रिजवर अडकला. शेजारच्या नसरुद्दीननं एकदा सहज त्यात गाडीच्या किल्ल्या टाकल्या. ग्रेगरीनं त्या लगेच उचलून त्याच्या हातात दिल्या आणि वाडगा पुसून ठेवला. नसरुद्दीन गंमतीनं म्हणाला, "भाई, इसमें कोई पीर-वीर है क्या?"

"अमानत है," ग्रेगरी म्हणाला, आणि बिचाऱ्या नसरुद्दीनला चहा थंड होईपर्यंत माल्टा ऐकावा लागला.

२०२२ उजाडलं आणि कतारभर वर्ल्ड कपची गडबड उडाली. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर उलटे दिवस मोजणारं घड्याळ, लुसैलला सोन्याच्या परातीसारखं स्टेडियम, रस्ते रोज नव्यानं खणलेले आणि रोज नव्यानं बुजवलेले. त्याच गडबडीत ग्रेगरीला कंपनीचं पत्र आलं. साठी झाली, डिसेंबरअखेर निवृत्ती, जानेवारीत कायमचं आगाशीला.

ग्रेगरीला पहिली आठवण झाली ती वाडग्याची. हे मी वाढवून सांगत नाही, जोसेफीन साक्षीला आहे. कतारमध्ये नोकरी असताना शेंगेन व्हिसा मिळायचा आणि दोह्याहून विमान थेट जायचं. पगाराची स्लिप नसलेल्या, आगाशीच्या वाडीत केळी मोजत बसलेल्या म्हाताऱ्याला कोण व्हिसा देणार, आणि तिकिटाला पैसे कुठून येणार? जूझा आता ऐंशीकडे झुकलेली. आता नाही गेलं तर कधीच नाही. वाडगा तसाच आगाशीला न्यायचा? दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून मरायचं? त्याला रात्री झोप लागेना. वाडग्याचं एक राहू द्या, त्याला त्या म्हातारीला एकदा बघायचं होतं, आणि ते सरळ म्हणवत नव्हतं.

ऑगस्टच्या मध्याला मारियामातेचा सण असतो. गोझोच्या चर्चमध्ये आणि आपल्या वसईतही. त्या सुमाराची रजा ग्रेगरीनं मागितली आणि पंचाईत झाली. वर्ल्ड कपच्या काळात कारखाना सुरळीत चालावा म्हणून दुरुस्तीसाठीचं शटडाउन पुढे ओढून नेमकं ऑगस्टमध्ये आणलं होतं, आणि शटडाउनमध्ये स्टोअरचा माणूस रजेवर जाणं म्हणजे लग्नात भटजीनं गावाला जाणं.

मॅनेजर देवव्रत पुण्याचा, ग्रेगरीहून वीस वर्षांनी लहान, वागायला नीट पण शेड्यूलच्या बाबतीत कडक. त्यानं मान हलवली. "ग्रेगरीभाऊ, फिरायला नंतर जा ना. डिसेंबरनंतर मोकळेच आहात."

"फिरायला नाही जात, साहेब. एक भांडं परत करायचंय."

देवव्रतनं लॅपटॉपवरून मान वर केली. ग्रेगरीनं सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यानं संत पौल गाळला, समुद्री लुटारू गाळले, सरळ वाडग्यावर आला, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

देवव्रतनं लॅपटॉप बाजूला सरकवला. "किती वर्षं तुमच्याकडे आहे?"

"यावेळी तीन."

"तीन वर्षं?" देवव्रतच्या आवाजात कोथरूडची त्याची आई बोलली. "अहो, आमच्या आईनं घरात पाऊल ठेवू दिलं नसतं. तिच्याकडे लोकांच्या डब्यांचं वेगळं फडताळ आहे." मग त्यानं शेड्यूल पुढे-मागे सरकवलं, दोन फोन केले आणि म्हणाला, "एक आठवडा. त्याच्यावर एक दिवस नाही. यल्ला, जा."

एप्रिलमध्ये आगाशीहून आलेली सुकेळी जोसेफीननं जपून ठेवली होती, ती वाडग्यात गेली.

गोझोला यावेळी जूझाची नात रिता घरी होती. आधीच्या तिन्ही खेपांना ती इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकत होती. आता कायमची परत आलेली, इंग्रजी फाडफाड, बोलण्यात आजीवर गेलेली. जूझा मात्र वाळली होती. दारापर्यंत यायला तिला काठी लागली. पण ग्रेगरीला बघताच तिनं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले. ग्रेगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं ते ऊन फार आहे म्हणून पुसलं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, ग्रेगरीनं पिवळा वाडगा टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि घसा साफ केला. भाषण त्यानं विमानातच जुळवलं होतं. रिता एकेक वाक्य आजीला सांगत गेली. आपण आता निवृत्त होतोय. कायमचं भारतात जातोय. पुन्हा येणं होईलसं वाटत नाही. म्हणून हे तुमचं भांडं, भरून, मानानं परत करतोय. कृपा करून यावेळी ते भरून देऊ नका, कारण मला ते परत आणता येणार नाही.

जूझानं ऐकून घेतलं. मग ती काहीतरी लांबलचक बोलली. रिताच्या भुवया वर गेल्या. तिनं आजीला उलट काही विचारलं, आजीनं हात उडवून उत्तर दिलं, आणि रिता तोंडावर हात धरून हसायला लागली.

"नॅन्ना विचारतेय," ती इंग्रजीत म्हणाली, "की तुम्हाला या वाडग्यात नक्की काय आवडलं नाही? तिनं तो तुम्हाला पहिल्याच वर्षी भेट दिला होता. लग्नाच्या वाढदिवसाची भेट. तिच्या आईचा होता तो. आणि तुम्ही दर वेळी परत आणून देताय."

जोसेफीननं हळूच नवऱ्याकडे बघितलं. 'भांडं कधी कोणी देतं का?' हे सात वर्षांपूर्वीचं वाक्य तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं, आणि तिला ते आठवतंय हे ग्रेगरीला कळत होतं. ऑलिव्हियाला यातलं एक अक्षर कळवायचं नाही असं दोघांनी न बोलताच ठरवलं.

"मग त्यांनी परत का घेतला?" ग्रेगरीनं कसंबसं विचारलं. "आणि दर वेळी भरून का दिला?"

रितानं विचारलं. यावेळी जूझा हळू बोलली, वाडग्याच्या टवक्यावर बोट फिरवत.

"ती म्हणते, पहिल्यांदा तिला वाईट वाटलं. वाटलं, टवका गेलेला दिला म्हणून रागावलात. मग तिच्या ध्यानात आलं की वाडगा दिला की तो परत द्यायला तुम्ही येता. का येता ते तिला कळलं नाही, पण येता. म्हणून ती देत राहिली."

गोझोच्या इतिहासावर तासन्‌तास बोलणारा ग्रेगरी टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत बसला. इतकी वर्षं तो रीत पाळायला येतोय असं त्याला वाटत होतं, आणि म्हातारी वाडगा देत होती तो त्यानं यावं म्हणून, आणि म्हातारीचंच खरं होतं.

जूझानं वाडगा त्याच्याकडे सरकवला. तुझा आहे. घेऊन जा. परत आणू नकोस.

ग्रेगरीनं दोन्ही हातांनी तो धरला खरा, पण त्याचा चेहरा उतरला. भांडं आपलं झालं म्हणजे परत येण्याचं कारणच संपलं. खलास.

तेव्हा जोसेफीननं त्याच्या हातातून वाडगा काढून घेतला. "रिता," ती म्हणाली, "आजीला सांग, वाडगा आमचा आहे हे कबूल. आजपासून आमचा." मग ती उठली आणि सुकेळ्यांनी भरलेला तो वाडगा तिनं जूझाच्या ओट्यावर, तिच्या भांड्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. "आणि आता आमच्या वाडग्यातून आम्ही तिला खाऊ दिला. आमच्यात दुसऱ्याचं भांडं ठेवून घेत नाहीत. आणि रिकामं परत देत नाहीत."

रितानं सांगितलं. जूझा बराच वेळ ओट्याकडे बघत राहिली. मग तिनं एक सुकेळं घेतलं आणि सावकाश चघळत बसली.

परतीच्या फेरीवर ग्रेगरीचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. "ऐंशी वर्षांची बाई आगाशीला येणार आहे होय वाडगा द्यायला?" तो कुरकुरला. "हातचाही घालवलास."

"गप बस," जोसेफीन म्हणाली. "भांड्यातलं तुला काही कळत नाही हे आता सिद्ध झालंय."

नोव्हेंबर आला. शटडाउन संपलं होतं, रजा सगळ्यांच्या बंद. दोह्यात झेंडेच झेंडे. ज्यांना आयुष्यात ऑफसाइड कळला नाही असे लोक जर्सी घालून मिरवत होते. घरातली निम्मी खोकी बांधून झाली होती. फ्रिजच्या वर रिकामी जागा होती, आणि ग्रेगरी तिथे काही ठेवू देत नव्हता. ऑफिसात त्याचा माल्टा निघेनासा झाला. फिटर गॅस्केट घेऊन गुपचूप परत जायचे आणि त्यांनाच चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. देवव्रतनं एकदा विचारलं, "दिलंत ना भांडं?" ग्रेगरी म्हणाला, "दिलं," आणि शेल्फावरचे व्हॉल्व्ह नीट लावत राहिला.

आणि रिताचा फोन आला. तिला इंग्लंडच्या मॅचचं तिकीट लागलं होतं, पण हॉटेलांचे भाव ऐकून तिला घाम फुटला होता. माल्टात म्हणे फुटबॉलमध्ये निम्मी माणसं इंग्लंडच्या बाजूची आणि निम्मी इटलीच्या. आजी इटलीवाली, आणि इटली यंदा पात्रच ठरली नाही, म्हणून आजीच्या मते यंदा वर्ल्ड कप नव्हताच. प्रेक्षकांना कोणाच्या घरी उतरायचं असेल तर यजमानानं नोंदणी करायची सोय होती. ग्रेगरीनं ती फोन चालू असतानाच करून टाकली.

वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो रिताला विमानतळावरून घेऊन आला. मेसईदच्या पूर्ण रस्त्यावर, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यानं कतारचा इतिहास सांगितला. मोती, मच्छीमार, तेल, सगळं. रिता गालात हसत ऐकत होती.

घरी जोसेफीननं विचारपूस न करता आधी पान वाढलं. जेवण झाल्यावर रितानं पाठीवरच्या बॅगेतून टी-शर्टांमध्ये गुंडाळलेली एक वस्तू काढली. ग्रेगरी खुर्चीवरून अर्धा उठला.

वाडगा होता. फडकं बांधलेला, मधाच्या कड्यांनी शिगोशीग भरलेला. पण पिवळा नव्हता. निळ्या काठाचा, नवाकोरा.

"हा तो नाही," ग्रेगरी म्हणाला.

"नाही," रिता म्हणाली. "तो नॅन्नानं ठेवून घेतलाय. म्हणते, तुमचा आहे हे तिला मान्य आहे, पण एवढ्या लांब कोणाच्या हाती धाडायची तिची हिंमत नाही. भरून ठेवेन, तुमचा तुम्ही येऊन घेऊन जा. आणि हा निळा..." ती हसू आवरत थांबली. "हा नीट समजावून सांग म्हणाली मला. हा भेट नाही. चीज-बीज, कडी-बिडी तुमची. वाडगा तिचा. तिला तो परत पाहिजे."

जोसेफीननं निळा वाडगा उचलला आणि फ्रिजवर ठेवला.

ग्रेगरी बाल्कनीत गेला. लांबवर कारखान्याचे दिवे दिसत होते, आणि कुठल्याशा मैदानात उद्याची तालीम म्हणून आतषबाजी चालली होती. व्हिसा, तिकीट, पगाराची स्लिप, सगळं होतं तिथेच होतं, त्यातलं काहीही सोपं झालं नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढून आगाशीला धाकट्या भावाला लावला.

"ऑल्विन, यंदा राजेळी किती धरलीय? सुकेळ्यांसाठी चांगले घड बाजूला ठेव. दोन भांड्यांपुरती पाहिजेत, एक परत द्यायचंय आणि एक पुन्हा तिथेच ठेवून यायचंय."

"अरे, तू जानेवारीत कायमचा घरी येतोयस ना?" भाऊ म्हणाला. "मग आतापासून कसली घाई?"

"घरी येतोय रे," ग्रेगरी म्हणाला. "पण मला पुढे गोझोला जायचंय."